टर्नोव्ह : एका हरणाऱ्या इंजिनाची ओळख

टर्नोव्ह हे 'स्टारलाइट एक्स्प्रेस' या इंग्रजी संगीत नाटकातले रशियन इंजिन. नाटकभर आगगाड्यांच्या शर्यती चालतात. इंजिने, डबे आणि वाघिणी हीच त्यातली पात्रे, आणि ती सगळी पायांत चाकांचे बूट घालून वावरतात. टर्नोव्हकडे काम फारसे नाही. यायचे, बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल असे उभे राहायचे, शर्यत सुरू झाली की धावायचे आणि हरायचे. त्याचे मूळ कूळ ट्रान्स-सायबेरियन एक्स्प्रेस, म्हणजे जगातल्या सर्वांत लांब रेल्वेमार्गावरची गाडी. आठवडाभराच्या प्रवासाची सवय असलेल्या गाडीला काही मिनिटांच्या शर्यतीत का उतरवावे, हा टर्नोव्हविषयीचा मूळ प्रश्न आहे आणि नाटकात त्याचे उत्तर कोणी देत नाही.

नाटकाचा पहिला प्रयोग २७ मार्च १९८४ रोजी लंडनच्या अपोलो व्हिक्टोरिया नाट्यगृहात झाला. संगीत अँड्र्यू लॉइड वेबर यांचे, गीते रिचर्ड स्टिलगो यांची, दिग्दर्शन ट्रेव्हर नन यांचे, नेपथ्य आणि वेशभूषा जॉन नेपियर यांची, नृत्ये आर्लीन फिलिप्स यांची. यांपैकी वेबर, नन आणि नेपियर या तिघांनी त्याआधी 'कॅट्स'मध्ये मांजरांना गायला लावले होते. मांजरे तरी मुळात ओरडतात. लोखंडाला कंठ फोडणे ही पुढची पायरी होती. वेबर यांच्या मनात आधी रेव्हरंड ऑड्री यांच्या 'थॉमस' या बालप्रिय इंजिनाच्या गोष्टी करायच्या होत्या. तो बेत फसला, पण इंजिने डोक्यातून गेली नाहीत.

कथा सांगायला फार वेळ लागत नाही. एक लहान मुलगा खेळण्यातल्या आगगाड्या घेऊन झोपतो आणि स्वप्नात त्या जिवंत होऊन शर्यत लावतात. गंजू लागलेले वाफेचे इंजिन रस्टी, दंडाच्या बेडक्या दाखवत फिरणारे अमेरिकन डिझेल इंजिन ग्रीसबॉल आणि विजेवर चालणारे, नखरेल इलेक्ट्रा यांच्यात खरी चुरस. शर्यतीत इंजिनाने एकट्याने यायचे नाही, सोबत एक डबा आणायचा, असा नियम आहे. त्यामुळे कोण जिंकणार यापेक्षा कोणाला कोणता डबा लागणार यावरच निम्मे नाटक खर्ची पडते. रस्टीचा जीव पर्ल नावाच्या डब्यावर, आणि पर्लची नजर दुसरीकडे. शेवटी रस्टी जिंकतो. वाफेच्या इंजिनाने डिझेल आणि वीज या दोघांना हरवणे रेल्वेच्या इतिहासात कुठेच बसत नाही, पण संगीत नाटकात नायकाला आधी गाणे असते, मग अश्वशक्ती.

या तिघांच्या भांडणाला आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे रूप यावे म्हणून देशोदेशीची इंजिने बोलावली आहेत. टर्नोव्ह त्यांतला एक. या पाहुण्यांच्या आगमनासाठी नाटकात संगीताचा स्वतंत्र तुकडा आहे, आणि लग्नात वऱ्हाड उतरते त्या थाटात ती मंडळी एकेक करून रंगमंचावर येतात. ज्याचे आगमन एवढे वाजतगाजत होते, त्याच्या वाट्याला पुढे काही येणार नाही हे जाणत्या प्रेक्षकाने तेव्हाच ओळखावे. नायक कधी वाजतगाजत येत नाही. तो धक्के खात, कोपऱ्यातून येतो.

टर्नोव्ह या नावाचा विचार सावकाश करायला हवा. गावाच्या नावापुढे 'कर' लावले की मराठी आडनाव तयार होते, तसे कोणत्याही शब्दापुढे 'ऑव्ह' लावले की रशियन माणूस तयार होतो, अशी इंग्रजांची जुनी समजूत. इथे 'टर्न'ला 'ऑव्ह' लावले. इंग्रजी कानाला ते 'टर्न ऑफ' ऐकू येते. त्या शब्दाचे दोन अर्थ: बटण बंद करणे, आणि एखाद्याविषयी मन उडावे अशी गोष्ट. इंजिनाला दोन्ही अर्थ अपशकुनी. गंमत अशी, की रशियन भाषेत शब्दाच्या शेवटचा 'व्ह' उच्चारात 'फ' होतो. म्हणजे मॉस्कोतल्या एखाद्याने हे नाव आपल्या वळणाने उच्चारले, तर इंग्रजांच्या कोटीत जी थोडी कसर राहिली होती ती तो स्वतःच भरून काढील.

याहून मोठी अडचण भूगोलाची आहे. टर्नोव्ह, स्थानिक उच्चारात तुर्नोफ, नावाचे एक खरेखुरे गाव आहे, पण ते रशियात नसून चेकियाच्या उत्तर भागात, यिझेरा नदीच्या काठी आहे. रत्नांना पैलू पाडण्याच्या कारागिरीसाठी ते प्रसिद्ध आहे आणि तिथे रेल्वेचे जंक्शनही आहे. अंगी सायबेरिया आणि नावात चेकिया, असा हा गृहस्थ. १९८४ साली हे दोन्ही प्रदेश एकाच लष्करी गटात होते, एवढा खुलासा लेखकांच्या बाजूने करता येईल. त्यांना तो सुचला असेल असे मात्र वाटत नाही.

इतर पाहुण्यांच्या नावांकडे पाहिले की टर्नोव्हवर विशेष अन्याय झालेला नाही हे लक्षात येते. इटलीचा एस्प्रेसो. हे नाव निदान कॉफीच्या दुकानात तरी सापडते. फ्रान्सचा बोबो. जपानचा हाशामोतो, जपानी आडनाव 'हाशिमोतो' असे असते, पण एका स्वराने काय बिघडते, असा विचार झालेला दिसतो. जर्मनीचा 'वेल्टशाफ्ट'. 'जग' या अर्थाच्या शब्दाला एक भारदस्त प्रत्यय चिकटवून बनवलेला हा शब्द वजनदार वाटतो, फक्त त्याला अर्थ नाही. ब्रिटिशांनी स्वतःलाही सोडले नाही, हे त्यांच्या श्रेयाला जोडावे लागेल. त्यांच्या इंजिनाचे नाव 'सिटी ऑफ मिल्टन कीन्स', आणि मिल्टन कीन्स म्हणजे १९६७ साली सरकारने कागदावर आखून वसवायला घेतलेले शहर. हे इंजिन ज्या खऱ्या गाडीवर बेतले आहे, ती वळणावर अंग झुकवणारी गाडी डिसेंबर १९८१ मध्ये गाजावाजा करून सुरू झाली आणि काही दिवसांतच थंडीने आणि बिघाडांनी बसली.

आता खऱ्या गाडीविषयी. मॉस्कोचे यारोस्लाव्हस्की स्थानक ते प्रशांत महासागराच्या काठचे व्लादिवोस्तोक हे अंतर ९,२८९ किलोमीटर. या मार्गाची मुख्य गाडी 'रोसिया', क्रमांक १ आणि २. तिला हे अंतर कापायला सहा ते सात दिवस लागत आले आहेत. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी ५५ ते ६५ किलोमीटरच्या दरम्यान येतो. शर्यतीत तिच्या शेजारी उभ्या केलेल्या जपानी बुलेट गाडीने १९६४ सालीच ताशी २१० किलोमीटर गाठले होते, आणि फ्रान्सची टीजीव्ही १९८१ पासून ताशी २६० ने पळत होती. म्हणजे टर्नोव्हची गोष्ट घोड्यांच्या शर्यतीत बैलगाडी उतरवल्यासारखी. बैलगाडी वाईट नाही. ती वाळवंट, बर्फ आणि चिखल सगळे ओलांडून बरोबर पोहोचते. पण ती पोहोचते तेव्हा पारितोषिक वितरण होऊन मांडव उतरलेला असतो.

ट्रान्स-सायबेरियन गाडीत वेग हा विषयच नाही. तिथल्या प्रत्येक डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा बंब असतो आणि डब्याची मालकीण असल्यासारखी वागणारी 'प्रोव्होदनित्सा', म्हणजे परिचारिका, असते. ती चहा देते तो काचेच्या पेल्यात. पेला धातूच्या नक्षीदार, कान असलेल्या कवचात बसवलेला. या कवचाला 'पोदस्ताकान्निक' म्हणतात. गाडी हलते तसा चमचा काचेवर वाजत राहतो. जड कवचामुळे पेला उलटत नाही आणि बोटे भाजत नाहीत. बाहेर बर्च झाडे. तासाभराने पुन्हा बाहेर पाहिले तर तीच बर्च झाडे असावीत असा दाट संशय येतो. अशा गाडीतला माणूस कोणाशी शर्यत लावील? फार तर शेजारच्या बाकावरच्याशी बुद्धिबळ खेळेल.

या मार्गाच्या इतिहासात घाई म्हणून दिसते ती युद्धाच्या वेळी, आणि तिचे फळ काही चांगले मिळाले नाही. बैकल सरोवराला वळसा घालणारा मार्ग पुरा होण्याआधी डबे बोटीने पलीकडे नेत. १९०४ साली जपानशी युद्ध पेटले तेव्हा सरोवर गोठलेले होते, म्हणून अधिकाऱ्यांनी बर्फावरच रूळ टाकले. वजन पेलते का हे पाहण्यासाठी इंजिन सोडले, ते बर्फ फोडून खाली गेले. त्यानंतर इंजिने सुटी करून आणि डब्यांना घोडे जुंपून पलीकडे नेण्यात आले. टर्नोव्हच्या पूर्वजांपैकी एकाने अशी जलसमाधी घेतली आहे हे लक्षात घेता, त्याने रंगमंचावर वळणे जपून घेतली तर त्याला नावे ठेवू नयेत.

जपानशी हिशेब त्याच्याही आधीचा आहे. मे १८९१ मध्ये रशियाचा युवराज निकोलाय व्लादिवोस्तोकला जाऊन या मार्गाची पायाभरणी करणार होता. वाटेत तो जपान पाहायला थांबला, आणि ओत्सू गावात बंदोबस्ताला ठेवलेल्या पोलिसानेच त्याच्या डोक्यावर तलवार चालवली. युवराज बचावला आणि महिनाअखेरीस त्याने ठरल्याप्रमाणे पायाभरणी उरकली. नाटकात टर्नोव्ह आणि हाशामोतो एकाच रांगेत गुण्यागोविंदाने उभे राहतात, त्यामागे एवढा इतिहास विसरण्याची किमया आहे.

कोणाला वाटेल की १९८४ मध्ये रशियाकडे पळणारी गाडी नव्हती, म्हणून नाइलाजाने ही निवडली. तसे नाही. ईआर २०० नावाची, ताशी २०० किलोमीटरच्या वेगाची विजेची गाडी लेनिनग्राड ते मॉस्को मार्गावर १ मार्च १९८४ रोजी नियमित धावू लागली. लंडनच्या पहिल्या प्रयोगाला तेव्हा चार आठवडेही उरले नव्हते. पण ही गाडी आठवड्यातून एकदाच धावे, आणि रोज रात्री प्रयोग असणाऱ्या नाटकात एवढी निवांत गाडी चालली नसती. शिवाय तिला वेगळे इंजिन नाही, मोटारी डब्यांतच बसवलेल्या. इंजिन कोण आणि डबा कोण हे ठरत नाही, तिथे प्रेमकथा कशी उभी राहणार?

शक्तीच्या बाबतीतही नाटकाने टर्नोव्हची पंचाईत केली आहे. पाहुणी इंजिने मुळात ग्रीसबॉलच्या डिझेल टोळक्यात वावरतात आणि इलेक्ट्रा अवतरल्यावर विजेकडे तोंड वासून पाहतात. वास्तविक जपान आणि फ्रान्सच्या या गाड्या विजेवरच चालतात. ट्रान्स-सायबेरियन मार्गाच्या विद्युतीकरणाला १९२९ साली सुरुवात झाली आणि २००२ साली ते पुरे झाले. म्हणजे टर्नोव्ह नाटकात आश्चर्याने पाहतो तीच गोष्ट त्याच्या घरी दोन पिढ्यांपासून होती. हे घरी नळ असलेल्याने पाहुण्यांकडे तोटी पाहून चकित होण्यासारखे आहे.

रुळांच्या रुंदीचा प्रश्न याहून अवघड. युरोपातल्या बहुतेक देशांत दोन रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर असते, रशियात ते १,५२४ होते आणि पुढे १,५२० धरले गेले. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, त्यामुळे भारतीय इंजिन शर्यतीत असते तर टर्नोव्ह त्याच्या शेजारी सडपातळ दिसला असता. रशियाचा हा मापदंड एका अमेरिकन माणसाने घालून दिला. सेंट पीटर्सबर्ग ते मॉस्को मार्गासाठी १८४२ मध्ये झारने जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर या अभियंत्याला सल्लागार म्हणून बोलावले आणि त्याने पाच फुटांचा सल्ला दिला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात हेच माप रूढ होते. (चित्रकार जेम्स व्हिसलर यांनी काढलेले आपल्या आईचे खुर्चीत बसलेले चित्र जगप्रसिद्ध आहे. त्या बाई म्हणजे या अभियंत्याची पत्नी.) पुढे अमेरिकेने १८८६ मध्ये आपले दक्षिणेतले रूळ एकमेकांजवळ सरकवून बाकीच्या देशाशी जुळवून घेतले, आणि रशिया मात्र अमेरिकन सल्ला उराशी धरून बसला. तेव्हा ग्रीसबॉल आणि टर्नोव्ह रंगमंचावर एकमेकांकडे खाऊ का गिळू असे पाहतात, ते दूरच्या चुलत भावांचे भांडण समजावे.

या फरकामुळे रशियातून युरोपात येणाऱ्या प्रवासी गाडीचे डबे सीमेवरच्या ब्रेस्त शहरात उचलून त्यांखालचे चाकांचे गाडे बदलावे लागत, आणि प्रवासी आत बसून असत. अपोलो व्हिक्टोरियामध्ये हा प्रश्न बुटांना चाके लावून सोडवण्यात आला. चाकांच्या बुटाला मापदंड फक्त पायाचा.

१९८४ हे साल टर्नोव्हसाठी नाजूक होते. फेब्रुवारीत चेर्नेन्को सोव्हिएत पक्षाचे सरचिटणीस झाले होते. नाटक सुरू होऊन सहा आठवडे झाले असतील, तोच ८ मे रोजी सोव्हिएत संघाने लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकवर बहिष्कार जाहीर केला. आपल्या खेळाडूंच्या सुरक्षिततेची हमी नाही, असे एक कारण देण्यात आले. म्हणजे त्या उन्हाळ्यात अमेरिकेत रशियन धावपटू अमेरिकनांशी धावले नाहीत, पण लंडनमध्ये रशियन इंजिन अमेरिकन इंजिनाशी दररोज धावत होते, तेही गुडघ्यांना पट्टे बांधून, म्हणजे सुरक्षिततेचीही सोय झालेली.

नटाच्या बाजूने ही भूमिका सोपी नाही. शर्यतीसाठी नाट्यगृहात पूल आणि उतार उभारून धावपट्ट्या प्रेक्षकांच्या मधून फिरवल्या होत्या, म्हणजे तिकीट काढून आलेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या फाटकावर थांबल्याचा अनुभव घेत असे. नटाच्या डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर इंजिनाचे अवयव, चेहऱ्यावर रंगाचे थर आणि बुटाखाली चार चाके. बुटाच्या पुढच्या टोकाला, चवड्याखाली, रबराचा एक खुंट असतो. थांबायचे असले की बोटांवर भार देऊन तो जमिनीला घासायचा. सायबेरियातून भरधाव आलेले महाकाय यंत्र अखेर थांबते ते खोडरबराएवढ्या रबरावर. हा भार क्षणभर उशिरा पडला तर पुढचा प्रवास पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांच्या सोबतीने होतो. म्हणून नटांना गाणे आणि नाच येत असले तरी आधी कित्येक आठवडे पडायला शिकवतात. उभे राहणे त्यानंतर येते.

जर्मनीतल्या बोखुम शहरात हे नाटक १२ जून १९८८ रोजी सुरू झाले, खास त्यासाठीच बांधलेल्या नाट्यगृहात, आणि ते तिथे अजून चालू आहे. तिथले इंजिन-नट ताशी ६० किलोमीटरपर्यंत वेग घेतात असे जाहिरातीत सांगितले जाते. हा आकडा वर आलेल्या भागाकाराशेजारी ठेवून पाहावा. बोखुममध्ये टर्नोव्हची भूमिका करणारा माणूस मनात आणील तर खऱ्या ट्रान्स-सायबेरियन एक्स्प्रेसच्या सरासरीला गाठू शकतो. फक्त त्याने आठवडाभर थांबायचे नाही.

बोखुमने आल्या आल्या घर आवरले. 'वेल्टशाफ्ट' हे बिनअर्थाचे नाव काढून आपल्या इंजिनाला 'रूरगोल्ड' केले, कारण बोखुम रूर खोऱ्यातले, एकेकाळी कोळशाच्या खाणींचे शहर. टर्नोव्ह मात्र टर्नोव्हच राहिला. शेजाऱ्याच्या नावाची चूक कोणी आपल्या खर्चाने दुरुस्त करीत नाही. पुढे बर्लिनची भिंत पडली, दोन जर्मन्यांची एक झाली, डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला. टर्नोव्ह ज्या देशाचा म्हणून शर्यतीत आला होता तो देश नकाशावरून गेला, आणि टर्नोव्ह ठरल्या वेळी शिटी वाजली की धावत राहिला.

लंडनचा प्रयोग १२ जानेवारी २००२ रोजी थांबला, तोवर सात हजार चारशेहून जास्त प्रयोग झाले होते. तेवढ्या वेळा रस्टी जिंकला, त्यावरून इतरांच्या वाट्याला काय आले याचा हिशेब वाचकाने करावा. रूळ, पूल आणि उतार काढून नाट्यगृह रिकामे झाले आणि जूनमध्ये तिथे वेबर यांनीच निर्मिलेले, ए. आर. रहमान यांच्या संगीताचे 'बॉम्बे ड्रीम्स' उभे राहिले. आगगाड्या गेल्या आणि मुंबई आली. मुंबईकराला हा क्रम उलटा वाटेल, कारण त्याच्या अनुभवात मुंबईत पोहोचायला आधी गाडी लागते.

बोखुममध्ये २०१८ साली, तिसाव्या वर्षी, नाटकाची डागडुजी झाली. फ्रान्सचे इंजिन स्त्री झाले, त्याचे नाव कोको. जपानच्या इंजिनाचे मांगा झाले. ब्रिटनच्या इंजिनाला नाव मिळाले ब्रेक्झिट, आणि आपल्या गाडीला दुसऱ्यांनी नाव ठेवले की कसे वाटते याचा अनुभव एकदाचा इंग्रजांनाही आला. त्याच वर्षी रशियन रेल्वेतही एक बदल झाला. तोवर देशभरातल्या रेल्वे स्थानकांवरची घड्याळे मॉस्कोची वेळ दाखवीत, कारण गाड्यांचे वेळापत्रक मॉस्कोच्या वेळेने छापलेले असे. व्लादिवोस्तोकला दुपारचे बारा वाजलेले असताना फलाटावरचे घड्याळ पहाटेचे पाच दाखवी, आणि परगावचा माणूस आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून गोंधळून जाई. १ ऑगस्ट २०१८ पासून फलाटांवर स्थानिक वेळ आली.